चिकू आईला चावला, त्या दिवसाबद्दल

आई, बाबा,

सा. न. फोनवरच बोललो असतो पण फोनवर आपलं काय होतं माहितेय, आई रडायला लागते आणि बाबा "बरं बरं" करून ठेवून देतात, म्हणून लिहून व्हॉट्सअपला टाकतोय. सावकाश वाचा.

आई, हाताला वण राहिलाय का गं अजून? तू चिकूला काहीच बोलली नाहीस. पण कानबाई देवीच्या विसर्जनाला सगळ्या बायांसमोर काकू म्हणाल्या की मायनं वळण लावलं नाही, आणि तू मान हलवलीस. ते हिने पाहिलं. जळगाव येईपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही ही.

मला राग नाहीये. पण त्याच्या आधी काय काय झालं ते बघ ना. रविवारी रात्री जागरण, घरात चाळीस माणसं, रोटांची धांदल, पोरगं धड जेवलं नव्हतं, त्यात सकाळी वाजंत्री थेट ओट्यासमोर आणि कुणीतरी कौतुकाने त्याला उचलून नाचवायला घेतलं. ऑटिझम आहे ना त्याला, आपल्याला आवाज नुसता मोठा लागतो, त्याला तो अंगावर येतो. तू सोडवायला गेलीस म्हणून तुझा हात सापडला, एवढंच.

थेरपीच्या मॅडमनी वही करायला लावलीय. चिडला की चिडण्याच्या आधी काय झालं ते लिहायचं, नंतर आपण काय केलं ते. तीन महिन्यांची वही चाळली तर बहुतेक वेळा तेच, आवाज, भूक नाहीतर ऐनवेळी बदललेला बेत. हट्ट वेगळा असतो हो. हट्टी पोरगं रडता रडता बघतं कोण बघतंय का, आणि वस्तू मिळाली की गप्प. चिकूच्या हातात तेव्हा मोबाईल दिला तरी फेकून देतो. अशा वेळी शांत खोलीत न्यायचं, कमी बोलायचं, समजावत बसायचं नाही, शिकवणं नंतर.

आणि एक सांगायचंय. आखाजीच्या सुमारास मी त्याला मारलं होतं. ऊन, लाईट गेलेली, माझंच डोकं फिरलं. नंतर आठवडाभर तो स्वतःच्याच गालावर तशीच चापट मारून घ्यायचा. तेव्हापासून "दोन ठेवून द्या" असं कुणी म्हटलं की मला तेच दिसतं.

बाबा, तुम्ही दिव्यांग सर्टिफिकेटला पोराच्या कपाळावरचा शिक्का म्हणता. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझमही आहे. सर्टिफिकेट असलं की शाळेत सवलत मागता येते, निरामय या सरकारी आरोग्य विम्यातून वर्षाला १ लाखापर्यंत खर्च निघू शकतो, थेरपीचाही. सातबाऱ्यासाठी तुम्ही किती चकरा मारल्या, का, तर कागद असला की भांडता येतं. हेही तसंच समजा.

बरं, एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली नसेल. त्याच गडबडीत दुपारी तुम्ही त्याला केळीच्या बागेत नेलं आणि ठिबकच्या नळीपाशी बसवून दिलं, काही बोलला नाहीत, शेजारी नुसते बसलात. अर्धा तास थेंब बघत होता पोरगं! आमच्याकडे पाच मिनिटं एका जागी बसत नाही. थेरपीला पैसे भरून आम्ही जे शिकतोय ते तुम्हाला आधीच जमतंय, मला जरा हेवाच वाटला.

दिवाळी झाली की भरताची वांगी घेऊन या. भरीत कुटायची बडगी पण आणा, मिक्सरला तो घाबरतो पण बडगीचा ठोका एका लयीत असतो, ते त्याला चालेल असं वाटतंय. फक्त सुरू करायच्या आधी सांगायचं, चिकू आता दहा ठोके, आणि मोजायचे.

आणि आई, आलीस की हिच्याशी दोन शब्द बोल. वळणाबिळणाचं नको, कळण्याच्या भाकरीचं बोल, हिला अजून तुझ्यासारखी थापता येत नाही.

तुमचा,
पप्पू