रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी यादी लावा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका कॉलेजच्या मागच्या गेटपाशी टेम्पो उभा होता आणि दोन पोरं लायब्ररीची पुस्तकं काट्यावर टाकत होती. मी स्वतः २६ वर्षं दुसऱ्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते, त्यामुळे मला तिथून पुढे जाववेना. वरच्या गठ्ठ्यात इन्कम टॅक्सची जुनी गाइडं होती, ती गेली तर गेली, पण खाली हात घातला तर एका बंद पडलेल्या मराठी मासिकाचे बांधीव खंड निघाले, १९३०-४० च्या दरम्यानचे, चामड्याच्या पाठीचे. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, कमिटी येणारे, रूम रिकामी करून पाहिजे म्हणालेत."

आता कुणी म्हणेल की पुस्तकं काढूच नका असं ही बाई सांगतेय, तर तसं अजिबात नाही. पुस्तकं काढलीच पाहिजेत. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे असं भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलं, आणि वाढायचं तर जुनं पान गळायला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या, म्हणजे आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि लॉ कॉलेजांमध्ये आयपीसीच्या पुस्तकांची कपाटंच्या कपाटं एका दिवसात जुनी झाली. त्यातल्या थोड्या प्रती ठेवाव्याच लागतात कारण त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्यांच्या केसेस अजून जुन्या कायद्यानेच चालतात, पण एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रती कशाला? जीएसटी २०१७ ला आला, तरी त्याआधीच्या व्हॅट या विक्रीकराची पुस्तकं अजून कॉमर्सच्या रॅकवर बसलेली मी पाहिलीत. शेजारी नवीन पुस्तकं जागा नाही म्हणून खोक्यात.

मग ही पुस्तकं वेळच्या वेळी का निघत नाहीत? कारण भीती. प्रत्येक पुस्तकाला अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे रजिस्टरमधला दाखल क्रमांक असतो आणि त्या नंबराला ग्रंथपाल जबाबदार. रिटायर होताना माझ्या नावावर ४३ पुस्तकांचा हिशेब लावला होता, त्यातली बरीच वाळवीने खाल्लेली होती आणि मी तसं वेळोवेळी लिहून दिलं होतं, तरी तीन महिने माझे कागद अडकले. केंद्र सरकारचे २०१७ चे वित्तीय नियम आहेत, त्यात वर्षभरात वाचायला दिलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाचपर्यंत पुस्तकं कमी भरली तर ते रास्त धरतात, अर्थात त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. ही साधी गोष्ट कॉलेजच्या मॅनेजमेंटने मान्य केली तरी ग्रंथपालाचा अर्धा धसका जाईल. नाहीतर होतं काय, पंधरा पंधरा वर्षं कुणी एक पुस्तक काढत नाही, आणि मग एक दिवस कमिटीसाठी, रंगकामासाठी, नाहीतर नव्या कॉम्प्युटर लॅबसाठी सगळं एकदम टेम्पोत जातं. निवडायला कुणी बसत नाही, गाइड आणि दुर्मिळ खंड एकाच भावाने.

माझं म्हणणं एवढंच आहे की काढायच्या पुस्तकांची यादी आधी लावा. नोटीस बोर्डवर लावा, कॉलेजच्या वेबसाइटवर टाका, शेजारच्या कॉलेजांच्या ग्रंथपालांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका आणि निदान पंधरा दिवस थांबा. मराठीच्या एखाद्या सरांना किंवा गावातल्या जुन्या वाचकाला बोलावून ती यादी डोळ्याखालून घालायला सांगा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची सूची केली, जुनं पुस्तक हाती आलं की आधी त्यात बघायचं अशी आम्हाला सवय होती. छापलेल्या पुस्तकाची प्रत ठराविक मोठ्या ग्रंथालयांना पाठवायची हा कायदा १९५४ चा, त्याआधीचं दुसरीकडे कुठे जपलेलं असेलच असं नाही, म्हणून तसं काहीही, विशेषतः मासिकं, वजनावर घालायच्या आधी दहादा विचार करावा. लेखकाला जाऊन ६० वर्षं उलटली असतील तर कॉपीराइट संपलेला असतो, म्हणजे ते पुस्तक स्कॅन करून सगळ्यांना खुलंही करता येतं.

यादीतून विद्यार्थ्यांनी हवं ते न्यावं, मग दुसऱ्या लायब्ऱ्यांनी. गावच्या वाचनालयाला द्यायचं तर त्यांना आधी विचारा की तुम्हाला काय पाहिजे. दान म्हणून वीस वर्षांपूर्वीची औषधांची पुस्तकं शाळेत नेऊन टाकलेली मी पाहिलीत, त्यातले डोस बदललेत, काही औषधं बंद झालीत, आणि पोरं ते खरं मानून वाचतात. हे फार वाईट आहे. वाळवी किंवा बुरशी लागलेलं पुस्तक तर कुणालाच देऊ नका, एका पुस्तकापायी समोरच्यांचं अख्खं कपाट जातं. ते लगद्यालाच जाऊ दे, फक्त प्लॅस्टिकची कव्हरं आणि बाइंडिंगचे पुठ्ठे वेगळे काढून द्या, आणि कॉलेजच्या मागे खड्डा करून जाळू नका.

अजून एक, शिक्क्याचं. पुस्तक काढलं की रजिस्टरमध्ये त्या नंबरापुढे ठरावाची तारीख लिहायची आणि पहिल्या पानावर, आतल्या ठराविक पानावर 'निर्लेखित', म्हणजे संग्रहातून रद्द केलेलं, असा शिक्का मारायचा. वजनावर घालताना हे कुणी करत नाही. मग पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर कॉलेजचा शिक्का असलेलं पुस्तक दिसलं की ते चोरीचं की काढलेलं हे विकणाऱ्यालाही कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. दहा मिनिटांचं काम आहे हो, शिपायाच्या हातात शिक्का दिला तरी होतं.

त्या दिवशी मी टेम्पोवाल्याला विनंती केली, त्याने बिचाऱ्याने रद्दीच्याच भावाने चार खंड मला दिले. बाकीचे ताडपत्रीखाली होते, ते गेले. या चारांवर अजून कॉलेजचाच शिक्का आहे, रद्दचा नाही, म्हणजे कागदोपत्री ते कॉलेजचेच. तसं पत्र मी कॉलेजला दिलंय, पुस्तकं परत घ्या नाहीतर काढल्याचं लिहून द्या म्हणून, अजून उत्तर नाही. त्यांनी लिहून दिलं तर ज्या ग्रंथालयात हे खंड नसतील त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवावं, मी स्वतः एसटीने आणून देईन.

आपली,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. सातारा