दोर धरणाऱ्याच्या मनाचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

थंडी पडली की नाशिकहून दर रविवारी दोर-हार्नेस घेऊन पोरं-पोरी कड्यांकडे निघतात. वर पोहोचलेल्यांचे फोटो पेपरात येतात, ते यावेतच. मला लिहायचंय ते खाली उभं राहून दोर धरणाऱ्याबद्दल. आम्ही त्याला बिलेयर म्हणतो.

मी सिडकोत राहते, अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. अकरा वर्षं कड्यांवर जाते, पण बहुतेक वेळा दोर माझ्याच हातात असतो. चढणारा पंचवीस-तीस मीटर वर जाऊन कड्याच्या पोटाआड झाला की मग दोरच बोलतो. सरसर वर गेला तर पकडी चांगल्या आहेत. थांबला तर मेख मारतोय किंवा दम घेतोय. पण हातभर वर जाऊन पुन्हा हातभर खाली आला, पुन्हा वर, पुन्हा खाली, की समजायचं, तो घाबरलाय. ती भीती तशीच आपल्या तळव्यात उतरते. अशा वेळी हाक मारून धीर द्यावा की गप्प राहावं, हे मला आजही दर वेळी नव्याने ठरवावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात त्र्यंबक रांगेतल्या एका कड्यावर आमचा एक मित्र पुढे चढत होता. आपला बेसाल्ट थराथरांचा, मधले थर कच्चे. म्हणून प्रत्येक पकड आधी मुठीने ठोकायची. खणखणीत वाजली तरच भार द्यायचा, भद्द आवाज आला तर हात काढायचा. त्याने ठोकली होती, मी खालून आवाज ऐकला होता. तरी ती निघाली. तो सहा-सात मीटर कोसळला. दोराच्या हिसक्याने मी जमिनीवरून उचलले गेले, खांदा कड्यावर आपटला, पण दोर आवळून धरणारा ब्रेकचा हात सुटला नाही. त्याचा घोटा मुरगळला, इतकंच. संध्याकाळी सगळे त्याच्याभोवती होते. माझ्या पाठीवर थाप पडली, 'मस्त पकडलंस!' आणि विषय संपला.

माझा संपला नव्हता. कित्येक रात्री मूठ आवळलेलीच जाग यायची. चार महिने मी दोराला हात लावला नाही. मोहिमेच्या प्रमुखांना सांगितलं तर म्हणाले, 'मन एवढं कच्चं असेल तर हा नाद सोड.' हे वाक्य मला त्या हिसक्यापेक्षा जास्त लागलं.

आमच्या कारखान्यात कुणाच्या हातून पाना निसटून दुसऱ्याच्या पायाजवळ पडला, साधं खरचटलंही नाही, तरी त्याची 'निअर मिस' म्हणून नोंद होते. का निसटला, यावर दुसऱ्या दिवशी बोलणं होतं, कुणाला नावं न ठेवता. आणि जिथे माणूसच दोराला लटकतो तिथे आपण थाप मारून मोकळे होतो?

हरिहरच्या स्कॉटिश कड्याचं नाव आपण अभिमानाने घेतो. ज्यांच्यावरून ते पडलं त्या ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांचे दोन्ही पाय १९७७ साली काराकोरममधल्या ओगर शिखरावरून दोराने उतरताना मोडले. ते गुडघ्यांवर रांगत खाली आले, ही गोष्ट आमच्या सगळ्या शिबिरांत सांगितली जाते. पण त्यांना सोबत करत खाली आणणारे मो अँथोईन आणि क्लाइव्ह रोलंड ही नावं मी कुठल्याच शिबिरात ऐकली नाहीत.

नाशिकच्या सगळ्या गिर्यारोहण संस्थांना माझी कळकळीची विनंती आहे. शिबिरात गाठी शिकवता तसा एक तास भीतीवर बोलायला ठेवा. कुणी पडलं तर पडणाऱ्याबरोबर धरणाऱ्यालाही बाजूला घेऊन विचारा. आणि 'आज माझ्याच्याने होणार नाही' असं म्हणणाऱ्याला हसू नका. ते वेळेवर सांगणारा माणूस मला दोराच्या दुसऱ्या टोकाला हवाय.

आम्ही पाच जण या हिवाळ्यापासून उतरल्यावर, सॅक भरायच्या आधी, गोल करून बसतो. आज पोटात गोळा कुठे आला ते प्रत्येकाने सांगायचं. पहिल्या रविवारी तोच मित्र बोलला. पडताना त्याला मी कड्यावर आपटलेली दिसले होते. 'तुला फार लागलं होतं का?' हे त्याला दोन वर्षं विचारायचं राहून गेलं होतं.

आपली,
एक वाचक, सिडको, नाशिक
(कृपया नाव छापू नये.)