फायबरचे ग्लायडर पुन्हा उभे करून देणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

कुपवाड एमआयडीसीतील आपल्या शेडमध्ये होड्यांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे काम ऐन भरात असताना आपण माझ्या रिमोटवरच्या ग्लायडरसाठी, म्हणजे इंजिनाशिवाय हवेवर तरंगणाऱ्या छोट्या विमानासाठी, वेळ काढलात, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. हे ग्लायडर मी घेतले तेच मोडक्या अवस्थेत. पंखांच्या मागे त्याचे धड चिरलेले होते आणि नाकाचे टोक चेपलेले होते.

‘वजन किती वाढलेले चालेल?’ हा आपला पहिला प्रश्न ऐकला आणि माझी निम्मी काळजी तिथेच मिटली. होडीला मजबुतीसाठी काचतंतूंच्या मॅटचा आणखी एक थर सहज देता येतो. ग्लायडरची शेपटी मात्र गुरुत्वमध्यापासून लांब आणि नाक जवळ असल्यामुळे मागे एक ग्रॅम वाढला की तोल राखण्यासाठी पुढे दोन-तीन ग्रॅम शिसे घालावे लागते. हे लक्षात घेऊन आपण नेहमीची 450 ग्रॅमची मॅट बाजूला ठेवलीत आणि चौरस मीटरला 100 ग्रॅमहूनही हलके विणलेले कापड मागवलेत. कापड भिजवून घट्ट करणारे रोजचे पॉलिएस्टर रेझिनही आपण वापरले नाहीत, कारण इपॉक्सी या वेगळ्या रेझिनच्या जुन्या धडावर ते नीट धरत नाही आणि त्यातील स्टायरिन हे द्रावक पंखांतला थर्माकोल विरघळवते.

आपण रुपयाच्या नाण्याने धड इंच-इंच टोकून पाहिलेत. थर शाबूत होते तिथे आवाज टणक येई, सुटले होते तिथे बद्द. आणि सुटलेला भाग दिसणाऱ्या चिरेच्या बराच पुढे गेला होता. त्याची हद्द पेन्सिलीने आखून आपण कडा उतरत्या घासल्यात आणि कापडाचे तुकडे, धागे 45 अंशांत तिरके राहतील असे, एकावर एक बसवलेत. शेपटीला पीळ पडतो तेव्हा तो हे तिरके धागेच सोसतात.

आपला कृष्णाकाठ सपाट, त्यामुळे टेकडीच्या उतारावरून वर चढणाऱ्या वाऱ्याचा आधार रोज मिळत नाही. म्हणून नाक कापून तिथे प्लायवुडची चकती, मोटर आणि मिटणारा पंखा बसवण्याचे ठरले. तोलासाठी नाकात असलेल्या आणि आता काढलेल्या शिशाची जागा मोटर-बॅटरीने घेतल्याने वजनात फारसा फरक पडला नाही. नाकाला कार्बनचे कापड लावण्याचा माझा आग्रह होता, पण कार्बन रेडिओलहरी अडवतो आणि रिमोटचे संकेत घेणारा रिसीव्हर तिथेच असल्यामुळे काचेचेच कापड योग्य ठरले.

फायबरचे पहिले ग्लायडर, एफएस-24 फिनिक्स, 1957 साली जर्मनीत उडाले, हे मी सांगितले तेव्हा अशी ग्लायडरे पांढरीच का असतात, असे आपण विचारलेत. गडद रंग उन्हात तापतो आणि इपॉक्सी नरम पडते, हे कळल्यावर आपण धड पांढरेच ठेवलेत आणि आकाशात दिसावे म्हणून केवळ पंखांची टोके केशरी केलीत. मला तो निर्णय फार आवडला.

कवठेमहांकाळकडच्या माळावर ग्लायडर आता मोटर बंद करूनही उन्हाने उठणाऱ्या हवेवर वर चढते आणि जोड जराही हललेला नाही. रेझिन व हार्डनर काट्यावर तोलून देणाऱ्या आपल्या शेडमधील मुलालाही माझे आभार कळवावेत. उरलेले हलके कापड मी आपल्याकडेच ठेवले आहे; कोणाचे मोडके ग्लायडर आले तर ते निःसंकोच वापरावे.

आपला कृतज्ञ,
सांगलीचा एक ग्लायडरप्रेमी