बाबांना न पटलेली शिकवणी

क्योतो,
२ जून

तीर्थरूप आई-बाबा,
सा. नमस्कार.

रविवारी फोन मी मध्येच बंद केला. आपटायला हल्ली रिसीव्हर नसतो, पण आपटल्यासारखाच केला, हे बाबांना यंत्र कानात नसतानाही कळलं असणार. चुकलं माझं. फोनवर बोलायचं तर मला ओरडावं लागतं, आणि 'गेइशा' (बैठकीत गाणं, नाच, वादन करणाऱ्या जपानी बायका) हा शब्द मी ओरडून म्हटला की आई उठून दार लावते, शेजारी ऐकतील म्हणून. त्यापेक्षा कागद बरा. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. आईला मोठ्यानं वाचून दाखवा, पण दार लावून.

मी शामिसेन, म्हणजे गेइशा वाजवतात ते जपानी तंतुवाद्य, शिकायला लागले हे सांगितल्यावर भांडण झालं ते दोन वाक्यांवरून. पहिलं, "गेइशांचं वाद्य शिकायला गेलीस का तिकडे?" आणि मी गेइशांवर लिहिणाऱ्या त्या अमेरिकन बाईच्या पुस्तकाचं नाव काढल्यावर दुसरं, "परक्या बाईला वर्षभर राहून काय डोंबल कळणार?"

दुसऱ्यापासून सुरू करते, कारण ते मला जास्त लागलं. मीही इथं परकीच आहे की. सहा वर्षं झाली.

त्या बाईचं नाव लायझा डाल्बी. मानववंशशास्त्र हा विषय. शाळकरी वयात एक वर्ष जपानच्या सागा शहरात राहून गेलेली, आणि तेव्हाच शामिसेन हाताला लागलेलं. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएच.डी.साठी तिनं गेइशा हा विषय घेतला आणि १९७५ मध्ये क्योतोला आली. तेव्हा ती जेमतेम पंचविशीची. वही-पेन घेऊन प्रश्न विचारत हिंडायचं, असाच बेत होता. पण पोंतोच्यो या गेइशांच्या गल्लीतल्या थोरल्या बायकांनीच सुचवलं की बाहेर बसून विचारत राहिलीस तर काही हाती लागणार नाही, आमच्यात येऊन काम कर. मग तिला 'इचिगिकु' असं नाव मिळालं आणि ती बैठकांना जायला लागली. रीतसर पदार्पण झालं नव्हतं तिचं, ते तीही मान्य करते. (रीतसर पदार्पण करणारी पाश्चात्त्य बाई पुढे २००७ मध्ये तोक्योच्या असाकुसात झाली. तीही मानववंशशास्त्रज्ञच, ऑस्ट्रेलियातली.) डाल्बीचं पुस्तक १९८३ साली आलं. मी ते दोन महिने बसमध्ये वाचत होते आणि तीनदा माझा थांबा चुकला.

आता तिला आत का घेतलं असेल? मला वाटतं शामिसेनमुळे. नुसती जिज्ञासा घेऊन आली असती तर चहा पाजून वाटेला लावलं असतं. क्योतोची माणसं त्यात पटाईत आहेत, मला सहा वर्षांत पुष्कळ चहा पाजलाय. पण ती हातात काहीतरी घेऊन आली होती आणि सगळ्यांत धाकटी व्हायला तयार झाली. या गल्ल्यांत मोठं-धाकटं वयावर ठरत नाही. जी एक दिवस आधी पदार्पण करते ती 'ओनेसान', म्हणजे ताई, मग ती वयानं तीन वर्षं लहान का असेना. घर चालवणारी ती 'ओकासान', म्हणजे आई. ताई-बहिणीचं नातं साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या पेल्यानं बांधतात, तीन पेले, प्रत्येकातून तीन घोट. जपानी लग्नात नवरा-नवरीचाही हाच विधी असतो. त्यानंतर धाकटीनं काही चूक केली की माफी मागायला ताई दारोदार जाते. डाल्बीनं हे सगळं बाहेरून पाहिलं असतं तर तक्ता काढला असता. ती कुणाची तरी धाकटी बहीण झाली, म्हणून तिला त्या तक्त्यात राग, हेवा आणि माया कुठं असते तेही दिसलं.

आणि बाबा, परक्या बाईचं तुम्ही म्हणता? आपल्या फलटणलाच एक अमेरिकन बाई मराठी भाषेचा अभ्यास करायला आली, राहिली, भारताची नागरिक झाली आणि शाळा काढली. मॅक्सीनमावशी. "आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात" हे तुमचंच वाक्य, आणि ते मी लहानपणी किमान पन्नास वेळा ऐकलंय.

आता पहिलं वाक्य. तुम्ही म्हणालात, "तसल्या बायका." यात तुम्ही पूर्ण चूक नाही, हे आधी मान्य करते. जुन्या काळी गरीब घरच्या पोरी आगाऊ रक्कम घेऊन या घरांत दिल्या जायच्या, आणि ते कर्ज फिटेपर्यंत सुटका नसायची. 'दान्ना' म्हणून एखादा श्रीमंत आश्रयदाता असायचा, आणि त्या नात्यात सगळंच मुलीच्या मर्जीनं चालायचं असं कुणी म्हणू नये. इथले काही लोक पर्यटकांना सांगताना हे सगळं पुसून टाकतात, ते मला आवडत नाही. पण शरीरविक्रय करणाऱ्या बायका आणि गेइशा हे कायद्यानं दोन वेगळे धंदे होते, परवानेही वेगळे. १९५६ साली वेश्याव्यवसायाविरुद्ध कायदा झाला आणि १९५८ पासून जुन्या परवानाधारक वस्त्या बंद पडल्या. गेइशांच्या गल्ल्या मात्र राहिल्या. महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी रस्त्यावरच्या कुठल्याही बाईला 'गीशा गर्ल' म्हणायला सुरुवात केली, आणि जगभर तोच अर्थ गेला. तुमच्यापर्यंतही तोच पोचलाय.

शब्दाचा अर्थ काय, तर 'गेइ' म्हणजे कला आणि 'शा' म्हणजे व्यक्ती. कलावंत! गोव्यात हा शब्द एका समाजाला चिकटला तेव्हा त्याचं काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. गंमत म्हणजे सुरुवातीचे गेइशा पुरुष होते, बैठकीत विनोद करणारे, ढोल वाजवणारे. बायका या धंद्यात आल्या अठराव्या शतकात. क्योतोत तर गेइशा म्हणतच नाहीत, 'गेइको' म्हणतात, आणि शिकाऊ मुलगी ती 'माइको'.

आणखी एक सांगू? तुम्ही वाईला जाऊन यमुनाबाईंची बैठकीची लावणी ऐकून आला होतात आणि आजीला सांगितलं होतं की शिक्षकांची मीटिंग होती. आईनंच मला सांगितलं. तेव्हा तुम्ही "तसल्या बायका" म्हणाला नाहीत. "यमुनाबाई" म्हणालात, आणि हात जोडलेत.

आई, तुझे प्रश्न जास्त कामाचे होते. पैसे कोण देतं, कपडे कोण धुतं, लग्न करतात का, म्हातारपणी काय करतात.

पैशांचं असं. बैठक होते 'ओचाया'मध्ये. शब्दाचा अर्थ चहाघर, पण चहा विकत नाहीत. जेवण बाहेरच्या केटररकडून येतं, गेइको दुसऱ्या घरातून येतात, गाडीही ओचायाच बोलावते. पाहुणा खिशात हात घालत नाही, बिल नंतर घरी येतं. म्हणून अनोळखी माणसाला आत घेत नाहीत. कुणीतरी जुन्या गिऱ्हाइकानं ओळख करून द्यावी लागते, आणि तू बिल बुडवलंस तर ते त्या ओळख देणाऱ्याच्या माथी. तुमच्या पतपेढीत जामीनदार असतो ना, अगदी तसं. गेइकोच्या मेहनतान्याला 'हानादाई' म्हणतात, फुलांचे पैसे. पूर्वी उदबत्त्या जळत ठेवून वेळ मोजायचे, किती उदबत्त्या संपल्या तितके पैसे.

कपडे मुली राहतात त्या घराचे, ज्याला 'ओकिया' म्हणतात. माइको साधारण पंधराव्या वर्षानंतर, इयत्ता नववी झाली की येते. पाच-सहा वर्षं तिचा किमोनो, जेवण, नाचाची फी सगळं ओकिया करते, आणि त्या काळात तिला पगार नाही, हातखर्चाला पैसे मिळतात. केस तिचे स्वतःचे, आठवड्यातून एकदा बांधायचे, आणि विस्कटू नयेत म्हणून मानेखाली उंच लाकडी उशी घेऊन झोपायचं. हे वाचताना मला तुझ्या लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आठवली. आजी तुला पहाटे उठवायची आणि स्वयंपाकघराबाहेर बोलू द्यायची नाही. आम्हाला ती गोष्ट नेहमी हसत सांगतेस, पण सांगताना तुझा हात पदराशी चाळा करत असतो.

लग्न केलं की गेइको राहता येत नाही. धंदा सोडताना ती ओळखीच्या घरांत भात वाटते. नुसता पांढरा भात म्हणजे आता परत येणार नाही. त्यात लाल चवळीच्या तांबड्या भाताचे दाणे मिसळलेले असले, तर बाई दार किलकिलं ठेवून चालली आहे असं समजायचं. मला हे इतकं आवडलं की मी भाजी चिरता चिरता थांबले. डाल्बीचं मुख्य म्हणणं इथंच आहे. जपानमध्ये बायको आणि गेइशा या एकाच गोष्टीच्या दोन बाजू मानल्या जायच्या. घर, मुलं, सासू बायकोकडे. गाणं, थट्टा, बोलणं गेइशाकडे. जे एकीला मिळतं ते दुसरीला नाही. तिला गेइशा त्या काळच्या बऱ्याच बायकांपेक्षा मोकळ्या वाटल्या, कारण धंदा त्यांच्याच हातात होता, आईपासून धाकट्या बहिणीपर्यंत सगळ्या बायकाच. मला हे अर्धंच पटतं. पाहुणे पुरुष होते आणि पैसा त्यांच्याच खिशातून यायचा, हे ती जरा हलक्या हातानं सोडते. पण अर्धं पटतं.

म्हातारपणाचं मात्र छान आहे. नाचणं कमी झालं की वादनाकडे वळतात. ऐंशीच्या पुढची गेइकोही काम करताना दिसते. आपल्याकडे नटीला पस्तिशीत आईची भूमिका देतात.

परदेशी माणसानं लिहिलं म्हणजे चांगलंच लिहिलं असंही नाही हं, बाबा. एका अमेरिकन कादंबरीकारानं क्योतोच्या एका निवृत्त गेइकोच्या मुलाखती घेऊन १९९७ साली कादंबरी लिहिली. ती लाखांनी खपली. त्या बाईंनी २००१ मध्ये खटला भरला, की माझं नाव गुप्त ठेवायचं वचन मोडलं आणि आमच्याविषयी खोटंनाटं लिहिलं. २००३ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड झाली. एकानं ऐकून लिहिलं, दुसरीनं गुडघे मोडून बसून लिहिलं. वाचताना फरक कळतो.

बघ्यांचं तर विचारू नका. गिओन या क्योतोतल्या गेइकोंच्या वस्तीत संध्याकाळी माइको कामाला निघाली की पर्यटक मोबाइल घेऊन मागे धावतात, बाही ओढतात. बिचारी उंच लाकडी पादत्राणांवर, पाठीवर पाच मीटर लांबीचा ओबी, म्हणजे किमोनोचा कमरपट्टा, धावणार कशी? २०१९ पासून तिथल्या खाजगी गल्ल्यांत फोटो काढायला बंदी आहे, दंड दहा हजार येन, आणि २०२४ मध्ये काही गल्ल्यांत पर्यटकांना येणंच बंद केलं. १९२०च्या दशकात साऱ्या जपानात ऐंशी हजारांच्या आसपास गेइशा होत्या म्हणतात. आज क्योतोच्या पाचही वस्त्यांत मिळून दोनशेच्या थोड्या पुढेच असतील.

मे महिन्यात मी पोंतोच्योला 'कामोगावा ओदोरी' पाहिला, त्यांचा वार्षिक नाच, १८७२ पासूनचा. गल्ली इतकी अरुंद की छत्री उघडली तर समोरच्याला वाट द्यावी लागते. कंदिलांवर टिटवीसारखा एक पक्षी काढलेला असतो, तो त्या वस्तीचं चिन्ह. नाचापेक्षा माझं लक्ष बाजूला रांगेत बसलेल्या वादक बायकांकडे होतं. आणि त्यांतल्या एकीनं तार छेडली तेव्हा मी दचकले.

आई, आता नीट ऐक, कारण हे तुझ्यासाठी आहे. शामिसेनला तीन तारा. बारीक दोन तारा माथ्याजवळ पट्टीवर टेकतात, पण सगळ्यांत जाड तार टेकत नाही. ती मानेच्या लाकडाला जेमतेम स्पर्श करते, आणि त्यामुळे तिच्या आवाजात एक झणकार येतो, भुंगा अडकल्यासारखा. त्याला ते 'सावारी' म्हणतात. जवारी, आई! भजनाच्या आधी तू तानपुऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवत बसायचीस आणि आम्ही भुकेनं रडायचो, तोच आवाज. सहा वर्षांत पहिल्यांदा या गावातलं काहीतरी मला न सांगता कळलं.

म्हणून गुरुवारची शिकवणी लावली. माझ्या बाई गेइको नाहीत, होत्याही नव्हत्या. सत्तरीच्या आहेत, 'कोउता' नावाची छोटी गाणी शिकवतात. ती वाजवताना मोठी नखी वापरत नाहीत, बोटानंच छेडायचं. शामिसेनवर पूर्वी मांजराचं कातडं लावायचे (आई, डोळे मिटू नकोस), माझं कृत्रिम आहे. अर्धा तास गुडघ्यांवर बसलं की पाय मेल्यासारखे होतात. गेल्या गुरुवारी उठताना मी सरळ त्यांच्या अंगावर पडले. त्या हसल्या, आणि पहिल्यांदाच चहा दिला नाही. म्हणाल्या, पुढच्या वेळी थोडं लवकर ये, फरशी पुसायला.

मी जाणार आहे, बाबा. रागावलात तरी.

पालखी यंदा फलटणच्या विमानतळाच्या मैदानावर मुक्कामाला कधी येतेय ते कळवा. गर्दीत जाऊ नका, गच्चीवरून पाहा. आणि आई, पाकिटात घालून तुझ्या जवारीचा सुती दोरा थोडा पाठव, एक वीत पुरे. बाईंना दाखवायचा आहे. शिवाय दादाला सांगून फोनवर तानपुरा रेकॉर्ड कर. गाऊ नकोस, नुसती खर्जाची तार छेड, दोन मिनिटं.

तुमची,
सुमी