घटकांच्या पुण्यातील अध्यापनाची नोंद व्हावी

महोदय,

४ नोव्हेंबर २०२५ रोजी बंगाली चित्रपट दिग्दर्शक ऋत्विक घटक यांच्या जन्माला १०० वर्षे पूर्ण झाली आणि ६ फेब्रुवारी २०२६ रोजी त्यांच्या निधनाला ५० वर्षे झाली. या निमित्ताने मराठीत जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात फाळणीचे दुःख, तिकीटबारीवरचे अपयश आणि मद्यपान यांवर रकानेच्या रकाने होते. पुण्यातल्या अध्यापनाला मात्र एखाद्या वाक्यापलीकडे जागा मिळालेली दिसली नाही. बंगालीत तसे झाले तर समजू शकते. पण ज्या गावात हा माणूस शिकवत होता, त्या गावच्या भाषेत तरी तसे होऊ नये, असे मनापासून वाटते.

ढाक्यात जन्मलेल्या घटकांचे उणेपुरे ५० वर्षांचे आयुष्य खडतर होते, हे खरेच आहे. ‘नागरिक’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९५२ मध्ये पूर्ण झाला, पण तो लोकांपुढे यायला १९७७ साल उजाडले. तोवर घटक हयात नव्हते. ‘सुवर्णरेखा’ही तयार होऊन काही वर्षे पडून राहिला. ‘मधुमती’ची कथा त्यांची, आणि तो चित्रपट देशभर गाजला, तरीही मुंबईच्या चित्रसृष्टीत बस्तान बसवण्याऐवजी ते कलकत्त्याला परतले आणि पूर्ण लांबीचे आठच चित्रपट मागे ठेवून गेले.

साठच्या दशकाच्या मध्यात ते लॉ कॉलेज रस्त्यावरच्या, प्रभातच्या जुन्या स्टुडिओत १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला आले आणि तिथे उपप्राचार्यही झाले. हा काळ फार मोठा नव्हता. आवारातल्या ज्या झाडाला विद्यार्थी आजही ‘विज्डम ट्री’ म्हणतात, त्याखाली त्यांच्या बैठका रंगत, असे सांगितले जाते. संस्थेतच त्यांनी १९६५ मध्ये ‘फिअर’ हा लघुपट केला. परंतु त्यांच्या शिकवण्याचे मोल मला याहून वेगळ्या गोष्टीत दिसते. मणि कौल, कुमार शहानी आणि मल्याळी चित्रपटांचे जॉन अब्राहम हे दिग्दर्शक त्यांचे विद्यार्थी, आणि या तिघांतल्या एकानेही गुरूची नक्कल केली नाही. घटकांचे चित्रपट भावनांनी उसळणारे, गाण्यांनी आणि रडण्याने भरलेले. मणि कौल यांचा ‘उसकी रोटी’ मात्र इतका संथ आणि अबोल की पाहणाऱ्याने आपला श्वास त्याच्याशी जुळवून घ्यावा. जॉन अब्राहम यांनी ‘अम्मा अरियान’साठी केरळातल्या सामान्य माणसांकडून वर्गणी गोळा केली आणि तो चित्रपट गावोगाव नेऊन दाखवला. शिष्य आपल्यासारखा न होता स्वतःसारखा व्हावा, हे ज्याला साधते त्यालाच मी शिक्षक म्हणेन. या परंपरेचा एक धागा थेट मराठीतही आला आहे: १९७६ चा ‘घाशीराम कोतवाल’ हा चित्रपट पुण्याच्या याच संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांच्या ‘युक्त’ या सहकारी संस्थेने केला आणि त्याच्या दिग्दर्शकांत मणि कौल होते.

मी महाविद्यालयात ३० वर्षे मराठी शिकवले आणि आमच्या छोट्या चित्रपट मंडळात घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ अनेकदा दाखवला. सुरुवातीला नायिका नीताच्या चपलेचा अंगठा तुटतो, ती क्षणभर थबकते आणि तशीच चालू लागते; शेवटी त्याच रस्त्यावर दुसऱ्याच एका मुलीची चप्पल तुटते आणि तीही पुढे निघते. वस्तू तीच, मुलगी निराळी, आणि दोन तासांपूर्वी जी गोष्ट एका घराची वाटत होती ती साऱ्या वस्तीची होऊन जाते. नीता जिना उतरताना चाबकाचे फटकारे ऐकू येतात, तेव्हा एका वर्षी मागच्या बाकावरचा मुलगा उठून स्पीकरची वायर तपासायला गेला होता. पडद्यावर चाबूक नाही, मारणारा नाही, मग हा आवाज कुठून, या त्याच्या प्रश्नावर आम्ही त्या संध्याकाळी तासभर बोललो. स्वतः घटक समोर असताना असे प्रश्न विचारण्याची संधी ज्यांना मिळाली, त्यांचा मला हेवा वाटतो.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पुण्यातल्या चित्रपट संस्थांनी या वर्षी घटकांचे आठही चित्रपट मराठी उपशीर्षकांसह दाखवावेत, आणि ते केवळ पुण्यात नव्हे, तर सातारा, कोल्हापूर, नागपूर, पणजी येथेही. दीपप्रज्वलन आणि भाषणे कमी करून चित्रपटानंतर चर्चेला वेळ ठेवावा. दुसरी विनंती आपल्या वृत्तपत्राला आहे आणि ती अधिक तातडीची आहे. त्या वर्गात बसलेले विद्यार्थी आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. मणि कौल २०११ मध्ये गेले, कुमार शहानी २०२४ मध्ये. जे हयात आहेत, त्यांत छायालेखन, संकलन, ध्वनी शिकलेले, फारसे प्रकाशात न आलेले लोकही असतील, आणि तेव्हाचे कर्मचारीही. त्यांना गाठून घटक वर्गात कोणते दृश्य कसे उलगडून दाखवत, कशावर चिडत, कशाला दाद देत, हे रविवारच्या पुरवणीत त्यांच्याच शब्दांत क्रमशः छापावे. जुन्या वह्या, छायाचित्रे, पत्रे ज्यांच्या घरी असतील त्यांनाही आपण जाहीर आवाहन करावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक, सातारा