मनू, सोमवारी अजिंठा बंद असतं

प्रिय मनू,

तू पाठवलेला रूटचा स्क्रीनशॉट बघितला, आईलाही दाखवला, ती म्हणाली एवढं उन्हातान्हात सायकल हाणत जायलीस तर निदान एक मुक्काम घरी, कन्नडला कर. ते मी खाली सांगतोच. पण आधी मोठी भानगड सांगतो, तुम्ही शनिवारी संभाजीनगरहून निघून सोमवारी अजिंठ्याला पोचायलात आणि सोमवारी अजिंठा बंद असतं! वेरूळ मंगळवारी बंद. म्हणून रविवारी निघा, सोमवारी वेरूळ, बुधवारी मुक्काम अजिंठा गावात आणि गुरुवारी सकाळी लेणी. रजा दोन दिवस जास्तीची लागेल, मागून घे, दिवाळीनंतर ऑफिसात तशीही कामं सुस्तच असतात म्हणतेस ना.

दुसरं म्हणजे तुमच्या त्या ॲपने फक्त चाकाखालचा चढ मोजलाय, पायाखालचा कोण मोजणार? संभाजीनगर ते वेरूळ तीसेक किलोमीटर, तुम्ही पुण्यात सिंहगडाला जाऊन येणारी पोरं, तुम्हाला वाटणार दोन तासात पोचू आणि पुढं कन्नडपण गाठू. पण मध्ये दौलताबाद आहे आणि तो गड चढणं म्हणजेच एक अख्खी राईड आहे. मी एसटी चालवायचो तेव्हा माझ्या गाडीत कितीतरी वेळा गड बघून आलेले लोक चढायचे, सीटवर बसल्या बसल्या झोपायचे, वेरूळचा स्टॉप निघून जायचा तरी उठायचे नाहीत. तुला तर त्यानंतर पायडल मारायचंय.

तर रविवारी शहरातून पहाटे निघा, रस्ता मोकळा असतो. दौलताबादला बाहेरच्या तटाच्या दरवाजातूनच रस्ता जातो, एका वेळी एकच मोठी गाडी बसते, समोरून कोणी येतंय का बघून मगच घुसायचं, सायकल बारीक आहे म्हणून बसच्या बाजूने सरकायला जाऊ नको, ड्रायव्हरला आरशात तू दिसत नसतेस. मी तिथून एसटी काढायचो तेव्हा दोन्हीकडं हातभर जागा राहायची आणि कंडक्टर दरवेळी उगाच आपलं पोट आत घ्यायचा.

गडाचं तिकीटघर उघडलं की आत शिरायचं, ऊन चढायच्या आधी वर. चांदमिनार खालूनच बघून घ्या. खरी मजा पुढं आहे, खडक ताशीव करून उभा कडा केलाय, त्याच्याभोवती खंदक आणि मग ती अंधारी, म्हणजे खडकातला काळोखा भुयारी रस्ता. मोबाईलचे टॉर्च चालू ठेवा पण मध्ये एकदा सगळ्यांनी मिळून बंद करून बघा, वळणं घेत पायऱ्या चढणाऱ्या शत्रूचं काय होत असेल ते आपोआप कळतं. यादवांची राजधानी, मग १३२७ मध्ये तुघलकाने दिल्लीहून राजधानी इकडं आणली, हे शाळेत झालंय तुझं. पण तो दिल्लीवाला माणूस एवढ्या लांब का आला ते मला पुस्तकात नाही समजलं, वर बारादरीपाशी उभं राहून चारी बाजूचा मुलूख बघितल्यावर समजलं. एकनाथ महाराजांचे गुरू जनार्दन स्वामी या गडाचे किल्लेदार होते, आई म्हणाली हे नक्की लिहा.

उतरल्यावर खाली पेरू आणि सीताफळवाल्या बाया बसलेल्या असतात, खाऊन घ्या, पण लगेच निघू नका. कारण गडानंतर लगेच खुलताबादचा घाट लागतो. फार लांबीचा नाही पण गड उतरून मांड्या थरथरत असताना तो घाट दुप्पट वाटतो. तासभर सावलीला पडा खुशाल.

आता घाटाचं जरा नीट सांगतो कारण हा माझा विषय आहे. आम्हाला डेपोत पहिल्या दिवसापासून शिकवायचे, चढणाऱ्याला आधी वाट द्यायची आणि ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. सायकलला इंजिनाचा ब्रेक नसतो म्हणून तुझं गणित वेगळं. उतारावर ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही, रिम तापते, रबर गुळगुळीत होतं आणि ऐन वळणाला पकड सुटते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक दाबून वेग मार, वळणात सोड, परत पुढच्या वळणाआधी दाब. ब्रेकचे रबर निघायच्या आधी बदलून घे आणि जुने फेकू नको, सोबत ठेव. चढताना वळणावर आतल्या कडेला चढ जास्त उभा असतो, पण म्हणून रस्त्याच्या मधून जायचं नाही, समोरून येणारा ट्रक वळणात मध्येच येतो, तो येणारच, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

खुलताबादला मारुतीचं दर्शन घे, झोपलेला मारुती आहे तो, भद्रा मारुती. शनिवारी फार गर्दी असते, हाही एक फायदा रविवारी निघण्याचा. औरंगजेबाची कबर तिथंच आहे, उघडी साधी. पण माझं ऐकशील तर मलिक अंबरचा मकबरा बघ, १६२६ ला वारला तो. आपलं संभाजीनगर म्हणजे जुनी खडकी, ती वसवणारा माणूस, नहरीचं पाणी आणणारा. त्याच्याकडं फारसं कोणी फिरकत नाही याचं मला नेहमी वाईट वाटतं. म्हैसमाळ मात्र या खेपेला सोड. तू यादीत टाकलंय मला माहीत आहे, पण तिथली मजा पावसाळ्यात, फुलं आणि धुकं, दिवाळीनंतर तिथं चढून जाणं म्हणजे नुसता घाम.

मुक्काम वेरूळला. सोमवारी सकाळीच लेणी. चौतीस आहेत, सगळी बघायच्या नादी लागू नका, सोळावं कैलास, दहावं, आणि शेवटची जैन लेणी. कैलासला आत जायच्या आधी बाजूच्या डोंगरावरून वरून बघा, कारण ते वरूनच खाली खोदत आणलंय, कळस आधी आणि पाया शेवटी. माकडांसमोर केळी काढू नका, बॅगेची चेन पण उघडतात ती. मालोजीराजे भोसले वेरूळचेच पाटील, घृष्णेश्वराचं आताचं देऊळ अहिल्याबाईंनी बांधलेलं, ते दोन्ही जाताजाता होतं.

वेरूळहून दुपारी अडीचच्या आत निघायचं, म्हणजे निघायचंच. कन्नडपर्यंत हायवे चांगला आहे, पण संध्याकाळ झाली की उसाच्या ट्रॉल्या लागतात, मागं ना लाईट ना रेडियम, आणि नोव्हेंबरात सहाला अंधार. मी बसच्या हेडलाईटमध्येसुद्धा ट्रॉली अगदी जवळ आल्यावर बघितलेली आहे, तुझ्या त्या काजव्याएवढ्या लाईटचं काय सांगतेस. गावातल्या रस्त्यांवर मका वाळत घातलेला असतो, त्याच्यावरून सायकल घालू नको, एक तर घसरते आणि दुसरं म्हणजे ते कोणाचं तरी वर्षभराचं धान्य आहे.

सोमवार, मंगळवार घरी. किती जण आहात ते आईला आधी कळव, पीठ दळून ठेवायचंय तिला. मंगळवारी सगळं सामान इथं टाकून रिकाम्या सायकलीवर पितळखोऱ्याची लेणी करून या, कालीमठावरून. हा माझ्या मते सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस आणि तुम्ही त्याला अर्धा दिवस दिला होता! वेरूळ-अजिंठ्यासारखी गर्दी नाही, रस्ता पठारावरून जातो, लेणी खाली दरीत आहेत, पायऱ्या उतरून जावं लागतं आणि तेवढ्याच चढून परत. ही लेणी वेरूळच्या कितीतरी आधीची, दोन हजार वर्षांच्या वरची. तिथं सापडलेला एक यक्ष आता दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, त्याच्या हातावर कोरलंय की हा कान्हदास सोनाराने केला. राजाचं नाव नाही, सोनाराचं आहे. खांबावर पैठणच्या मितदेव नावाच्या अत्तरवाल्याचं नाव आहे, त्याने दान दिलेलं. अत्तरावरून आठवलं, कड्यांना आग्या मोहोळं असतात, त्या दिवशी सेंट-बिंट काही मारू नका आणि खाली जाऊन ओरडू नका. पुढं गौताळ्याचं जंगल आहे, बिबटे आहेत, चारपर्यंत वर येऊन परतीला लागायचं.

औट्रम घाट उतरायची हौस मित्राला आहे असं लिहिलंस. उतरू नका. खाली चाळीसगाव म्हणजे खानदेश, तेवढाच चढून परत यावं लागेल, गाड्यांच्या धुरात. घाटाच्या तोंडाशी जाऊन खालचा खानदेश बघा आणि फिरा माघारी.

बुधवारी पिशोर, भराडी करत सिल्लोड आणि पुढं अजिंठा गाव. हा दिवस लांबीचा आहे पण मोठा घाट नाही, नुसते चढउतार, कपाशीची शेतं. इथं पंक्चर होणार हे धरूनच चाला, कडेला बाभळीचे काटे आणि सराटे. सायकल रस्त्याच्या खाली उतरवली की उचलून परत डांबरावर आणा, ढकलत आणू नका. प्रत्येकाने दोन ट्यूब घ्या, पंक्चर काढायचं काम संध्याकाळी मुक्कामावर. आणि काटा टायरमधून बोटाने चाचपून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, नाहीतर तोच काटा तिलाही.

गुरुवारी आधी लेणापूरच्या व्ह्यू पॉइंटला जा. वाघूर नदीचं ते घोड्याच्या नालासारखं वळण वरून दिसतं. १८१९ मध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज शिकारीला आला होता त्याला ही लेणी दिसली म्हणतात, इथल्या गुराख्यांना काय आधी दिसत नव्हती का! मग घाट उतरून फर्दापूर, तिथं सायकली लावून बसने लेण्यांपर्यंत.

परत सायकल चालवत यायचं डोक्यात आणू नका. मामाला विचारून ठेवलंय, त्याचा छोटा हत्ती टेम्पो गुरुवारी दुपारनंतर रिकामा आहे, चार सायकली आडव्या बसतात, मागं बांधायला दोर आणि जुनी गोणपाटं मी देतो. जास्त जण असाल तर आजच सांग म्हणजे दुसरी गाडी बघतो.

तुझा,
बाबा