धर्म-अध्ययन मेजर : श्रेयांक आणि पांडवलेणीची नोंदवही

सभासदांनो, नोंदणीआधी श्रेयांक (क्रेडिट) मोजा. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० श्रेयांक, त्यांपैकी ६० मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे. चार वर्षांच्या ऑनर्सला १६० पैकी ८०. संशोधनासह ऑनर्स हवे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. मायनरचा, म्हणजे दुय्यम विषयाचा, पेपर मेजरमध्ये धरला, की शेवटी हिशेब कमी भरतो.

क्षेत्रकार्याला नाशिकच्या पांडवलेणीत येताना लेणे क्र. १० मधल्या उषवदाताच्या (क्षत्रप राजा नहपानाचा जावई) कोरीव लेखांचे छापील वाचन सोबत आणा. ब्राह्मी अक्षरे तिथे उभ्याउभ्या उलगडत नाहीत. हा एकच दाता ब्राह्मणांना गायी देतो आणि भिक्षूंना लेणेही! त्यामुळे वहीत ‘बौद्ध’, ‘वैदिक’ असे रकाने आधीच आखू नका. नोंदीत लेण्याचा क्रमांक, भिंतीची बाजू लिहा. अक्षरांवर खडू अजिबात नको.